ऑइल कधी बदललं होतं?

गेली अठरा वर्षे मी कॉलेजातल्या मुलांना शब्दाच्या तीन शक्ती शिकवीत आलो आहे. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. 'गंगेवर गवळीवाडा आहे' हे आमच्या शास्त्रातले जुने उदाहरण. गंगेच्या पाण्यावर वाडा कसा राहील? तेव्हा 'गंगेवर' म्हणजे 'गंगेच्या काठावर' असे घ्यायचे, हे मी दर वर्षी त्याच उत्साहाने सांगतो आणि मुले दर वर्षी त्याच निरुत्साहाने लिहून घेतात. नुसत्या शब्दावर जाऊ नका. तो कोण बोलतो, कुठे बोलतो, कशामुळे बोलतो ते पाहा, असा उपदेश मी आजवर किती वेळा केला असेल याची गणती नाही. यंदाच्या श्रावणात एका मोटार-मिस्त्रीने हा उपदेश मला परत केला, आणि तोही आमच्या कुटुंबाच्या देखत.

आमची गाडी म्हणजे काही मोठे प्रस्थ नव्हे. दुसऱ्या हाताची, रुपेरी रंगाची, पेट्रोलवर चालणारी छोटी मोटार. वय वर्षे नऊ. तिची जात आणि कुळ मी सांगत नाही, कारण पुढे जे झाले त्यात तिचा काडीइतकाही दोष नव्हता. घेतली तेव्हा तिच्या इंजिनाच्या झाकणावर इंग्रजीत तीन-चार अक्षरे होती. विकणाऱ्याने त्यांवर बोट ठेवून मोठ्या ऐटीत सांगितले, "सर, व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग आहे!" मी "वा!" म्हणालो. मला त्यातले अक्षरही कळले नव्हते. परंतु न कळता "वा!" म्हणण्याची सवय आम्हा साहित्यातल्या माणसांना नवकवितेपासून आहेच.

यंदा आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पुण्यात काढला. त्यानिमित्ताने ती तीन आठवडे आमच्याकडे राहिली. तिला सातारला पोचवायच्या चार-पाच दिवस आधी गाडीत समोर एक पिवळा दिवा लागला. इंजिनाच्या आकाराचा. तो पहिल्यांदा पाहिला आमच्या कन्येने. ती सातवीत आहे, आणि मोठ्यांच्या नजरेतून सुटलेले नेमके दिसण्याचे ते वय आहे.

"बाबा, हा दिवा कसला?"

"सेन्सरचा असेल," मी म्हणालो. मोटारीतल्या ज्या वस्तूचे नाव आपल्याला ठाऊक नाही तिला सेन्सर म्हणावे, म्हणजे पुढचे प्रश्न टळतात, असा माझा अनुभव होता.

"पण पेटलाय कशाला?"

मागच्या बाजूने ही म्हणाली, "जूनमध्येच सर्व्हिसिंग झालंय ना? मग आता काय?"

"झालंय तर!" मी म्हणालो. हे उत्तर मी ज्या सफाईने दिले तिच्याविषयी पुढे लिहावेच लागणार आहे.

दिवा लागला त्याच सुमारास गाडीची तऱ्हाही बदलली. रस्त्याला लागली की ठीक चाले. पण सिग्नलला उभी राहिली की हिवताप भरल्यासारखी हुडहुडू लागे. स्वारगेटच्या चौकात तर ती एकदा बंदच पडली. मागच्या रिक्षावाल्याने माझ्या शिक्षणाविषयी आणि मला लायसन्स देणाऱ्याविषयी एकाच वाक्यात शंका व्यक्त केली. पेट्रोलही जास्त पिऊ लागली होती. पण सातारला जाण्याचा दिवस ठरला होता. आईला आपल्या अंगणातल्या तुळशीची काळजी लागली होती. तेव्हा तसेच निघालो.

शिरवळला चहा झाला. पुढे खंबाटकीचा घाट लागला. बारीक पाऊस होता. एका वळणावर आमच्यापुढे लोखंडी सळ्या भरलेला ट्रक रांगत होता. मी क्लच दाबून गिअर बदलायला गेलो, इंजिनाचा वेग उतरला, त्याने दोन हुंदके दिले आणि ते बंद पडले. ऐन चढावर, ऐन वळणावर.

इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदतही फार वेळ टिकत नाही. एक-दोनदा पाय दाबला की पुढे पायाखाली दगड आल्यासारखे वाटते. हे मी पुस्तकात वाचले नव्हते, तेथेच शिकलो. गाडी हातभर मागे सरकली. मागून एका कंटेनरने हॉर्न दिला, तो आमच्या छातीतून आरपार गेला. मी जीव खाऊन हँडब्रेक ओढला. गाडी थांबली.

मागे आई बसली होती. डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा. तिने शांतपणे विचारले, "काय झालं रे?"

"काही नाही, आई."

तिसऱ्या खेपेला इंजिन सुरू झाले. उरलेला घाट मी एक्सिलरेटरवरचा पाय न काढता चढलो. सातारला पोचलो, जेवलो, झोपलो. पण ती हातभर जागा काही माझ्या मनातून हलेना.

दुसऱ्या दिवशी गाडी सावकाश चालवीत पुण्याला आणली आणि एका मोठ्या गॅरेजात नेली. तेथे काचेच्या भिंती होत्या, कॉफीचे यंत्र होते आणि इस्त्रीचे कपडे घातलेला एक तरुण होता. त्याने स्टिअरिंगखाली कुठेतरी एक वायर जोडली, हातातल्या पाटीवर पाहिले आणि न्यायाधीशाच्या सुरात म्हणाला, "सर, पी शून्य शून्य अकरा."

"म्हणजे?"

"इनटेक कॅमशाफ्ट, ओव्हर अॅडव्हान्स्ड. म्हणजे कॅमशाफ्ट वेळेच्या पुढे गेलाय. व्हीव्हीटीचा फॉल्ट आहे."

"कशामुळे गेला पुढे?"

या प्रश्नाची त्याला सवय नसावी. तो म्हणाला, "ते सगळं असेंब्लीच बदलायला लागतं, सर." आणि त्याने आकडा काढून दिला. फेझर, सोलेनॉइड, टायमिंग चेनचा संच, दोन सेन्सर, मजुरी. एकूण ४१,६०० रुपये.

आमच्या घरी पैशांचा कारभार हिच्याकडे आहे. ही पतपेढीत नोकरी करते, आणि घरातही तिची एक छोटी पतपेढीच आहे. कपाटात पाकिटे असतात. त्यांवर तिच्या वळणदार अक्षरात 'गॅस', 'शाळा', 'गाडी' असे लिहिलेले. ४१,६०० एवढे जाड पाकीट त्यांत एकच होते. त्यावर लिहिले होते, 'आईंचा उजवा डोळा'. ते ऑपरेशन थंडीत करायचे ठरले होते. तिने ते पाकीट हातात घेतले, परत ठेवले आणि म्हणाली, "आणखी एकाला दाखवू या. मीही येते."

ती 'मीही येते' म्हणाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

दुसरा इसम सुचवला तो आमच्या कॉलेजातल्या फिजिक्सच्या प्राध्यापकांनी. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांच्या गर्दीत एका बोळात हे गॅरेज. जेमतेम दोन गाड्या मावतील एवढे. मिस्त्री साठीच्या पुढचे, चष्म्याच्या काड्यांना दोरी बांधलेली, खिशात एक मळकी चिंधी. मी त्यांना घाईघाईने निदान सांगून टाकले. "पी शून्य शून्य अकरा आहे," मी म्हणालो, जणू काही माझा जन्म कॅमशाफ्टमध्ये गेला होता.

"असेल," मिस्त्री म्हणाले. त्यांनी बॉनेट उघडले. त्यांच्याकडेही वायरचे यंत्र होते, पण ते त्यांनी हातात घेतले नाही. त्यांनी ऑइलची पट्टी ओढली, चिंधीवर पुसली, परत घालून काढली. डांबरासारखा काळा एक थेंब बोटांच्या चिमटीत घेऊन चोळला. वास घेतला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"सर, ऑइल कधी बदललं होतं?"

ही माझ्या शेजारी उभी होती.

"जूनमध्ये," मी म्हणालो.

"कुठल्या जूनमध्ये?" मिस्त्रींनी विचारले.

सुदैवाने त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. ते कामाला लागले. काम करता करता त्यांनी मला जे सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण त्यांची भाषा पान्यांची होती आणि माझी पंगतीची आहे.

इंजिनाचा सिलिंडर म्हणजे मंगल कार्यालयातले जेवणाचे दालन समजा. त्याला दोन दारे. एका दाराने हवा आणि पेट्रोल आत येते, जळते, आपले काम करते. दुसऱ्या दाराने धूर बाहेर जातो. ही दारे म्हणजे व्हॉल्व्ह. त्यांची उघडझाप करणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. त्याच्यावर उंचवटे असतात; दांडा फिरला की उंचवटा दार ढकलतो. खालचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो तेव्हा हा एकदा फिरतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर येण्याचे दार मिनिटाला १५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडते. एवढ्या घाईत कोणते दार केव्हा उघडावे, यावर सगळे यजमानपण अवलंबून.

एक पंगत उठते आणि दुसरी बसते त्या मधल्या क्षणी दोन्ही दारे थोडी थोडी उघडी असतात. लग्नात घाई असली, उठलेली माणसे झपाझप बाहेर पडत असली, तर येण्याचे दार जरा आधी उघडलेले बरे. जाणाऱ्यांच्या मागोमाग येणारे आपोआप आत ओढले जातात. पण सावकाश चाललेल्या लग्नात तेच दार आधी उघडले की घोटाळा होतो. जेवून उठलेली मंडळी येण्याच्याच दारात घुसतात, येणारे अडतात, आणि पुढची पंगत अर्धवट बसते. सिग्नलला उभ्या असलेल्या आमच्या गाडीचे हेच झाले होते. वेग मंद आणि दार वेळेआधी उघडे. जळका धूर उलटा येण्याच्या वाटेने शिरे आणि इंजिन गुदमरे.

जुन्या गाड्यांत दारांची वेळ कारखान्यात एकदा ठरली की ठरली. मंद चालीला जी सोयीची ती वेगाला गैरसोयीची, आणि वेगाला जी सोयीची ती मंद चालीला. तेव्हा दोहोंच्या मधली कुठली तरी वेळ पत्करायची, असा कारभार होता. गाडी धावत असताना ही वेळ बदलण्याची युक्ती विक्रीच्या मोटारीत प्रथम आणली इटलीच्या अल्फा रोमिओ कंपनीने, १९८० मध्ये. जपानच्या होंडाने १९८९ मध्ये वेगळ्या तऱ्हेची रचना काढली. पुढे ही सोय इतकी पसरली की माझ्यासारख्या मास्तराच्या दुसऱ्या हाताच्या गाडीतही ती येऊन बसली.

मौज अशी की, ही वेळ बदलतो कोण? तर ऑइल! कॅमशाफ्टच्या टोकाला एक पोकळ चाक असते. त्याला फेझर म्हणतात. त्याच्या आत पाती असतात. पात्याच्या एका अंगाला ऑइलचा दाब दिला की दांडा थोडा पुढे सरकतो, दुसऱ्या अंगाला दिला की मागे येतो. दाब कोणत्या अंगाला द्यायचा, हे बोटाएवढा एक विजेचा व्हॉल्व्ह ठरवतो, गाडीतल्या संगणकाच्या हुकमावरून. हुकूम संगणकाचा, पण हात ऑइलचे. मला वाटे, ऑइल म्हणजे केवळ वंगण. बिजागरीला घालतात तसे.

आता मिस्त्रींनी वायरचे यंत्र लावले. "हे बघा. मशीन मागतंय शून्य अंश, आणि कॅम बसलाय अठ्ठावीस अंश पुढे. म्हणजे त्या पोरानं खोटं नाही सांगितलं. कॅम पुढे गेलाय खरा. पण का गेला ते मशीन सांगत नाही. ते आपण बघायचं."

ते पाहत गेले तसे मीही पाहत गेलो. प्रथम त्यांनी चेनचा विचार केला. टायमिंग चेन ढिली पडली असती तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही म्हणून यंत्राने बहुधा आणखी एक तक्रार नोंदवली असती, पी शून्य शून्य सोळा. ती नव्हती. इंजिन सुरू करताना साखळी खडखडल्याचा आवाजही नव्हता. "चेनवर सध्या संशय नको," मिस्त्री म्हणाले.

मग इंजिन चालू ठेवून त्यांनी त्या बोटाएवढ्या व्हॉल्व्हची वायर उपसली. वीज गेली की त्याने आपल्या मूळ जागी परतावे आणि कॅमही मागे यावा, इंजिनाची थरथर थांबावी. पण इंजिन हुडहुडतच राहिले. यंत्रावर मात्र नवी तक्रार उमटली, पी शून्य शून्य दहा. मिस्त्री हसले. "ही तक्रार माझ्याविरुद्ध आहे. वायर मीच काढली ना! बघा, मशीन इमानदार आहे. पण त्याला एवढंच कळतं."

वीज तोडूनही फरक पडला नाही, याचा अर्थ हुकमात खोट नव्हती. कुठेतरी काहीतरी अडकले होते. त्यांनी इंजिन बंद करून दहाच्या पान्याने तो व्हॉल्व्ह काढला, मीटर लावला. सात ओहमच्या जवळपास. "कॉइल ठीक आहे." मग बॅटरीच्या दोन तारा क्षणभर टेकवल्या. आतली दांडी 'टक' करून सरकायला हवी होती. ती हलली नाही. त्यांनी व्हॉल्व्ह माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या फटींत काळा, चिकट गाळ बसला होता, काकवीच्या बुडाशी बसतो तसा. त्याची बारीक जाळी पार बुजून गेली होती.

"हे अडकलंय," मिस्त्री म्हणाले. "त्यामुळे ऑइल एकाच बाजूला जात राहिलं आणि कॅम पुढेच बसला. आता सर, पुढचं तुमच्यावर आहे."

"माझ्यावर?"

"हो. हा गाळ दोन कारणांनी होतो. ऑइल म्हातारं झालं, वेळेवर बदललं नाही, तर होतो. तसं असेल तर हे साफ करतो, ऑइल बदलतो, थोड्या दिवसांनी पुन्हा बदलतो, काम भागेल. पण ऑइल दोन महिन्यांपूर्वीचं असेल आणि तरी त्याचं असं झालं असेल, तर आत दुसरा रोग आहे. पाणी ऑइलमध्ये जात असेल, गॅस खाली येत असेल. मग हेड खोलून बघावं लागेल. खर्च मोठा आहे. मशीन हे सांगणार नाही, मीटर सांगणार नाही. म्हणून विचारतो." त्यांनी आवाज खाली आणला. "ऑइल कधी बदललं होतं?"

बोळातून एक टेम्पो उलटा येत होता आणि त्याचा पोऱ्या "आन दे, आन दे" ओरडत होता. मला तेवढा वेळ मिळाला. एका बाजूला 'आईंचा उजवा डोळा' असे लिहिलेले पाकीट होते, आणि दुसऱ्या बाजूला माझी अब्रू.

"दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत," मी म्हणालो. "बावीस महिने झाले."

हिने माझ्याकडे पाहिले नाही. तिने त्या काळ्या चिंधीकडे पाहिले.

आता वाचकांनाही सगळे सांगून टाकतो. जूनमध्ये हिने मला 'गाडी' लिहिलेल्या पाकिटातून सात हजार रुपये दिले होते. गाडी गॅरेजात टाकायला मी निघालोही होतो. वाटेत अप्पा बळवंत चौकाजवळ एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने हाक मारली. त्याच्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड आले होते. १९२० ते १९२९ या काळात निघालेले ते २३ खंड. त्यांतले १४ त्याच्याजवळ होते. साडेसहा हजार म्हणाला. माझ्यासारख्या माणसाला ज्ञानकोश दाखवणे म्हणजे मांजराला दूध दाखवणे. उरलेल्या पाचशेतून मी गाडी धुऊन घेतली, आत एक सुवासिक बाटली टांगली आणि संध्याकाळी घरी आलो. खंड कॉलेजातल्या कपाटात गेले. ही गाडीत बसली आणि म्हणाली, "वा, सर्व्हिसिंग छान केलंय हो!" त्या क्षणी खरे सांगता आले असते. पण मी "हो ना," म्हणालो, आणि त्या दोन अक्षरांना पुढे पिल्ले झाली.

"आणि वरून जाड ऑइल कोणी घातलं?" मिस्त्रींनी विचारले. चोळल्याबरोबर तेही त्यांना कळले होते.

तेही मीच. जुलैत पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याने ऑइल कमी असल्याचे सांगितले, तेव्हा मी एका दुकानातून स्वस्तातला एक डबा घेऊन ओतला होता. दुकानदार म्हणाला, जाड ऑइल चांगले, इंजिनाला आधार देते. मला ते तर्काला धरून वाटले.

"या इंजिनाच्या वाटा केसासारख्या बारीक," मिस्त्री म्हणाले. "पातळ ऑइल लागतं. पुस्तकात नंबर लिहिलेला असतो. तुम्ही तिला एरंडेल पाजलंत, सर." मग त्यांनी पोराला हाक मारली. "अरे, तीन चहा सांग. वहिनी, बसा."

त्यांनी तो व्हॉल्व्ह फवारा मारून धुतला, जाळी साफ केली, पुन्हा तारा टेकवल्या. 'टक'! मला तो आवाज सनईसारखा वाटला. जुने ऑइल काढले तेव्हा ते धार धरून पडेना. ते लोळत लोळत खाली आले. नवे फिल्टर, पुस्तकातल्या नंबराचे नवे ऑइल. इंजिन सुरू केले. पाच-दहा मिनिटे ते कुरकुरले, आणि मग असे निवांत झाले की ते चालू आहे की बंद, हे पाहायला मी कान पुढे केला. यंत्राने मागितले शून्य, आणि कॅम उभा होता एक अंशावर. "पाचशे किलोमीटर चालवा आणि परत आणा," मिस्त्री म्हणाले. "आतला राहिलेला गाळ या ऑइलबरोबर निघेल. आणखी काही असेल तर तेव्हा कळेल." बिल झाले ४,८५०. हिने मोजून दिले.

परतताना लक्ष्मी रोडला गर्दी होती. तीन सिग्नल लागले. तिन्ही ठिकाणी गाडी साधूसारखी उभी राहिली. पण आत दोन माणसे बसली होती आणि त्यांपैकी एकही बोलत नव्हते. चौथ्या सिग्नलला ही म्हणाली, "ज्ञानकोश घ्यायचाय म्हणून सांगितलं असतंत, तर मी काय नको म्हणाले असते?"

मी गप्प.

"म्हणाले असते," तीच पुढे म्हणाली. ती हिशेबात खोटे लिहीत नाही. "या वर्षी नको, पुढल्या वर्षी बघू, असं म्हणाले असते. त्याचं मला काही नाही. पण घाटात आई मागे बसल्या होत्या."

याला उत्तर नव्हते. ती रागावून बोलली असती तर माझ्याकडे दहा उत्तरे होती. मला ती हातभर जागा पुन्हा दिसली, आणि तो कंटेनर. पिवळा दिवा चार दिवस आधी लागला होता. कन्येने विचारले होते, हिने विचारले होते. गाडीने तिच्यापरीने सांगितले होते. सगळ्यांना मी एकच उत्तर दिले होते.

पाचशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा नाना पेठेत नेली. या खेपेला ऑइल काळे असले तरी धार धरून पडले. दुसरा रोग नव्हता. मिस्त्रींनी ते पाहून मान डोलावली, आणि मला नोकरीत कायम झालो तेव्हा झाला होता तेवढा आनंद झाला. आता गाडीच्या कप्प्यात एक वही असते. तीत हिच्या अक्षरात तारीख, किलोमीटर, ऑइलचा नंबर. शेवटचा रकाना सहीचा आहे. ती सही मी करतो. पाकीट कपाटात आहे तसेच आहे. थंडीत आईचा उजवा डोळा होईल.

कॉलेजात या सत्रात लक्षणा शिकवताना मी गंगेवरचा गवळीवाडा सांगितला आणि मग पी शून्य शून्य अकराची गोष्ट सांगितली. ज्ञानकोशाचा भाग गाळून. मागच्या बाकावरच्या मुलांनी प्रथमच वहीतून मान वर केली. एकाने तास संपल्यावर येऊन विचारले, "सर, पण ऑइल का बदललं नव्हतं?" मी त्याला गुणी विद्यार्थी म्हणून मनात नोंदून ठेवले आहे, आणि उत्तर दिले आहे.

आईलाही फोनवर सगळे सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. तू 'काही नाही' म्हणालास की काहीतरी असतं."

नवरात्राआधी घर आवरले तेव्हा ते १४ खंड कॉलेजातून घरी आले. हिनेच आणवले. फडक्याने एकेक पुसून तिने ते बैठकीतल्या फळीवर लावले, आणि मग उभी राहून म्हणाली, "यात मोटारीवर काही लिहिलंय का हो?"

मी शोधू लागलो. 'म'चा खंड काही त्या चौदांत सापडेना.

"नाहीच आहे," मी कबूल केले.

तिने फडके झटकले. "मिळाला कुठे तर घ्या," ती म्हणाली. "पण आधी सांगा."